कोरड्या तळ्यातील बेटे

इ. स. १३३४ च्या सुमारास तुघलकांच्या दिल्लीत दाखल झालेला आणि पुढे काही वर्षे त्याच दरबारात काझीच्या हुद्द्यावर राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आपल्या प्रवासवृत्तात वेशीबाहेरील एका विस्तीर्ण तळ्याचे वर्णन करतो. ते तळे माणसांनी खणलेले, पावसाच्या पाण्याने भरणारे आणि नगराची तहान भागवणारे होते. त्याच्या मध्यभागी घडीव दगडांची दुमजली वास्तू उभी होती. तळे तुडुंब भरले असता तेथे नावेखेरीज जाता येत नसे आणि पाणी ओसरले म्हणजे लोक पायी जात. आत एक मशीद होती व संसाराचा त्याग केलेले फकीर तेथे ईश्वरचिंतनात कालक्रमणा करीत. काठालगतचा भाग आटला की त्या ओल्या गाळात ऊस, काकडी आणि खरबुजांची लागवड होई, हेही नोंदवण्यास तो विसरत नाही. राजधानीपासून हाकेच्या अंतरावर असूनही चहूबाजूंच्या पाण्यामुळे जगापासून तुटलेले हे एकांत बेट म्हणजे मेहरौलीच्या हौज-ए-शम्सीतील बेट होय.

बेट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जंजिरा, खांदेरी, सुवर्णदुर्ग अशी खाऱ्या पाण्याने वेढलेली स्थळे उभी राहतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर, मरुभूमीच्या उंबरठ्यावर वसलेल्या दिल्लीशी बेटाचा संबंध जोडणे त्यास प्रथमदर्शनी विचित्रच वाटेल. परंतु या मुलखातील राज्यकर्त्यांनी समुद्र नाही म्हणून बेटाची हौस सोडली नाही. आधी तळे खणावे, पावसाळी ओहोळ त्याकडे वळवावेत, मध्यभागी चौथरा, छत्री किंवा महाल उभारावा आणि त्यास एकांत देण्याचे काम पाण्यावर सोपवावे, ही रीत तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे वेळोवेळी अवलंबिलेली दिसते. तिचे दोन अवशेष राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या सीमेत आजही पाहावयास मिळतात: एक दिल्लीच्या दक्षिणेस मेहरौलीत, दुसरा हरियाणाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नारनौल येथे. पावसाळा सरता सरता मी ही दोन्ही स्थळे पाहून आलो. आणि या प्रवासात इमारतींविषयी जे कुतूहल घेऊन निघालो होतो, ते हळूहळू इमारतींपासून ढळून पाण्याच्या वाटांकडे वळले.

मेहरौली अरवलीच्या शेवटच्या टेकड्यांवर वसली आहे. पायाखाली क्वार्टझाइटचा कठीण खडक, यमुना कित्येक मैल पूर्वेस आणि विहीर खणावी तर पाणी लागेलच याची शाश्वती नाही, अशा जागी राजधानी ठेवायची तर पावसाचे पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नव्हते. गुलाम घराण्यातील सुलतान शम्सुद्दीन अल्तमश याने १२२९-३० च्या सुमारास हौज-ए-शम्सी हे तळे बांधविले. परंपरेने त्यास एका स्वप्नाची जोड दिली आहे. पैगंबरांनी स्वप्नात येऊन सुलतानास तळ्याची जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्यासह सुलतान तेथे गेला तेव्हा पैगंबरांच्या बुराक या वाहनाच्या खुराचा ठसा त्या जागी उमटलेला आढळला, अशी ही कथा आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवूनही तिच्यातील एक तथ्य मला विसरता येत नाही: तळ्याची जागा निवडणे हे त्या काळी राजा आणि संत या दोघांनी मिळून करावे इतके गंभीर कार्य मानले जात होते. भोवतालच्या चढणीवरील पाणी आपोआप जेथे उतरून येईल असा सखल भाग या खडकाळ भूमीत हुडकून काढणे हे खरोखरच असाधारण दृष्टीचे काम होते.

मी गेलो त्या दिवशी सकाळी तळ्यात पाणी होते, पण ते हिरवट आणि निश्चल होते, आणि काठावरच्या पायऱ्यांपाशी शेवाळाबरोबर निर्माल्याची फुले, प्लॅस्टिकच्या पिशव्या व पावाचे तुकडे तरंगत होते. ईशान्येच्या बाजूस लोदी काळातील जहाज महाल उभा आहे. भरल्या तळ्यात त्याचे प्रतिबिंब पडले म्हणजे तो तरंगत असल्याचा भास होई, म्हणून त्यास हे नाव पडले असे सांगतात. शरद ऋतूत ‘फूलवालों की सैर’ हा उत्सव येथे भरतो. फुलांचे पंखे एकदा योगमायेच्या देवळात आणि एकदा बख्तियार काकींच्या दर्ग्यात वाहण्याची ही प्रथा मोगल बादशहा दुसऱ्या अकबराच्या वेळेपासूनची. इंग्रज सरकारने १९४२ मध्ये ती बंद पाडली आणि स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या प्रेरणेने तिचे पुनरुज्जीवन झाले. हिंदू-मुसलमानांच्या या सामाईक सणाने तळ्याच्या एका काठास अजून जाग आणली आहे, ही समाधानाची बाब होय.

मी शोधत होतो ते बेट. तांबड्या वालुकाश्माच्या बारा खांबांवर पेललेली, वर घुमट असलेली ती छत्री नैर्ऋत्येच्या बाजूस आहे आणि आज तिच्यात व काठात नाव घालण्यासारखे अंतर उरलेले नाही. ती कोणी हलवली नाही. तळे आक्रसत गेले, गाळ आणि वस्ती यांनी एकेक बाजू व्यापली आणि मध्यबिंदूवर असलेली वास्तू जागच्या जागी राहून काठाशी आली. खांबांच्या बुडाशी दगडाचा रंग वेगळा आहे. कधी काळी पाणी कुठवर येत होते, ते त्या गडद पट्ट्यावरून समजते. त्या पट्ट्यावर हात ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. इब्न बतूताने या तळ्याची लांबी दोन मैल सांगितली आहे. प्रवाशाच्या लेखणीतील अतिशयोक्ती वजा केली तरी, आज सुमारे दोन हेक्टरांत सामावलेले हे पाणी त्या वर्णनाशी कोणत्याही हिशेबाने जुळत नाही.

तळ्याचा हा ऱ्हास आधुनिक काळातच सुरू झाला असे समजण्याचे मात्र कारण नाही. अमीर खुसरोने लिहून ठेवले आहे की अल्तमशानंतर ऐंशी वर्षांच्या आतच अल्लाउद्दीन खिलजीस हौज-ए-शम्सीतील गाळ उपसावा लागला आणि त्याच वेळी त्याने तळ्याच्या मध्यभागी घुमट बांधविला. याहून बोलका पुरावा फिरोजशहा तुघलकाच्या ‘फुतूहात-ए-फिरोजशाही’ या छोट्या आत्मनिवेदनात आहे. आपण केलेल्या लोकोपयोगी कामांची यादी देताना हा सुलतान सांगतो की काही अप्रामाणिक माणसांनी हौज-ए-शम्सीकडे येणारे पाण्याचे मार्ग अडवून टाकले होते. त्यांस त्याने कडक शिक्षा दिली आणि बुजवलेले मार्ग पुन्हा मोकळे केले. अल्लाउद्दीनाने बांधलेल्या दुसऱ्या तळ्याची, म्हणजे आजच्या हौजखासची, स्थिती तर याहून वाईट होती. ते मातीने भरून गेले होते, लोक त्याच्या तळाशी शेती करीत होते आणि तेथे विहिरी खणून पाणी विकत होते. फिरोजशहाने तेही उपसून पूर्ववत केले. सहाशे वर्षांहून अधिक काळापूर्वीचा हा मजकूर आहे. ज्या शहरात उन्हाळा आला की वस्त्यावस्त्यांतून टँकरभोवती घागरी घेऊन भांडणे होतात, त्या शहरातील प्रत्येक अमलदाराने तो एकदा वाचावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यात तळ्याच्या मृत्यूचे निदान अचूक सांगितले आहे. तळे खणणाऱ्याने जेवढे तळ्यात खणलेले असते, त्याच्या कित्येक पट अधिक त्याने तळ्याबाहेर राखलेले असते. आणि घाव पडतो तो बहुधा त्या बाहेरच्या भागावर.

फिरोजशहाने पुनरुज्जीवित केलेल्या हौजखासच्या काठी १३९८ च्या डिसेंबरात दिल्लीचा पाडाव करून तैमूरने तळ दिला होता. तैमूरच्या नावावर असलेल्या वृत्तांतात, या तळ्याच्या एका काठावरून सोडलेला बाण दुसऱ्या काठापर्यंत पोचत नाही व वर्षभर दिल्लीकर त्याचेच पाणी पितात, असा उल्लेख आहे. पुढे हेही कोरडे पडले. आज तेथे जे पाणी दिसते ते दिल्ली विकास प्राधिकरणाने शुद्ध केलेले सांडपाणी आणून सोडलेले आहे. त्यास मी नावे ठेवत नाही. पाणपक्षी परतले, सकाळी वृद्ध मंडळी फेरफटक्यास येऊ लागली, हे लहान यश नव्हे. परंतु नळाने भरलेले तळे आणि टेकडीने भरलेले तळे यांत अंतर आहे, आणि ते अंतर विजेचा पंप बंद पडला की चार दिवसांत कळून येते.

दिल्लीच्या तळ्यांपैकी मराठी मनास जवळचे असे आणखी एक नाव येथे सांगितले पाहिजे. तालकटोरा या नावातच ताल, म्हणजे तळे, आहे. बाजीराव पेशव्यांनी १७३७ च्या मार्चअखेर दिल्लीवर जी विजेसारखी स्वारी केली, तीत मराठी फौजेचा वावर या परिसरात झाला होता. त्याच परिसरातील तालकटोरा क्रीडागारात २०२५ च्या फेब्रुवारीत डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये दिल्लीत भरलेल्या संमेलनानंतर सात दशकांनी हा योग आला. हजारो मराठी माणसे तेथे तीन दिवस वावरली. उद्यान राहिले, नाव राहिले, क्रीडागार उभे राहिले; जुने तळे मात्र केव्हाच नाहीसे झाले आहे.

नारनौल दिल्लीपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर आहे, आणि वाट रेवाडीवरून जाते. जिल्ह्याचे नाव महेंद्रगड, पण त्याचे मुख्य ठाणे नारनौल. २०१३ मध्ये हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात समाविष्ट झाला, परंतु राजधानीचा वारा तेथे अद्याप फारसा पोचलेला नाही. रेवाडी सोडली की शेते रेताड होत जातात, बाजरीची कणसे आखूड दिसू लागतात, बांधाबांधावर विलायती कीकर माजलेली दिसते आणि दोन्ही बाजूंनी अरवलीचे उघडे, करडे कणे मधूनमधून डोके वर काढतात. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही तीन महिन्यांत. जलमहाल बांधण्याची कल्पना ज्याच्या मनात यावी असा हा प्रदेशच नव्हे; आणि ज्याने ती आणली त्याचे धैर्य याच कारणाने मला अधिक लक्षणीय वाटते.

तो पुरुष अकबराचा सरदार शाह कुली खान महरम. पानिपतच्या दुसऱ्या रणसंग्रामात, ५ नोव्हेंबर १५५६ रोजी, अकबराच्या फौजेविरुद्ध लढताना डोळ्यात बाण घुसून हौद्यात कोसळलेल्या हेमूचा हत्ती याच्याच हाती लागला. तो हेमू ज्या रेवाडीचा, त्याच रेवाडीवरून आमची बस गेली होती. अकबराने शाह कुली खानास नारनौलची जहागीर दिली. अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त नारनौल हे आग्रा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. या सरदाराचे पुष्कळसे आयुष्य येथेच गेले; त्याने येथे भव्य इमारती उभारल्या आणि मोठी तळी खणविली असे मोगल चरित्रकार लिहितात. त्याचा अष्टकोनी मकबरा, भोवतालची बाग आणि त्रिपोलिया दरवाजा आजही गावात आहेत. नारनौलला दुसराही एक वारसा होता. शेरशहा सूरचा आजोबा इब्राहिमखान सूर येथेच दफन झाला आणि नातवाने त्याच्यावर देखणा मकबरा बांधला. त्याच शेरशहाने स्वतःसाठी बिहारात सासाराम येथे भल्या मोठ्या कृत्रिम तळ्याच्या मध्यभागी मकबरा उभारला. पाण्याने वेढलेल्या वास्तूचे आकर्षण या काळात अफगाण आणि मोगल दोघांच्याही मनात किती खोल होते, हे यावरून लक्षात येते.

मराठ्यांचेही पाऊल या भूमीवर पडून गेले आहे. महादजी शिंद्यांच्या पलटणींनी २० जून १७९० रोजी ज्या पाटणला मोगल सरदार इस्माईल बेग आणि राजपूत यांचा मोड केला, ते पाटण नारनौलच्या नैर्ऋत्येस जवळच आहे. आणि १७९२ मध्ये इस्माईल बेग शरण आला तो कानोडच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या महेंद्रगडात. या लढाईचे वर्णन वाचताना आपण तोफा आणि पलटणी मोजतो. जूनच्या उन्हात या मुलखात एवढ्या फौजेला, बैलांना आणि घोड्यांना पाणी कोठून पाजले असेल, हा प्रश्न माझ्या मनात नारनौलचा रस्ता पाहीपर्यंत कधी आला नव्हता.

जलमहाल गावाच्या बाजूस आहे. आधी एक प्रवेशद्वार लागते, त्यावर फारसी लेख आहे. तेथून कमानींवर बांधलेला अरुंद पूल तळ्याच्या मध्यापर्यंत जातो आणि पुलाच्या शेवटी चौरस चौथऱ्यावर महाल उभा आहे. बांधकाम १५९१ च्या सुमाराचे. मध्ये मोठे दालन, चार कोपऱ्यांस चार लहान दालने, छपरावर मध्यभागी एक मोठी छत्री व चार कोनांवर चार लहान छत्र्या, अशी त्याची रचना आहे. आकाराने वास्तू प्रचंड नाही, आणि ती प्रचंड नसावी यातच तिच्या कर्त्याचे शहाणपण आहे. चहूकडे पाणी पसरलेले असताना तेवढीच इमारत त्या विस्तारास शोभली असती. मी गेलो तेव्हा मात्र तळे कोरडे होते. पुलाच्या कमानींखालून शेळ्या चरत पलीकडे जात होत्या, तळाच्या सपाट भुईवर मुलांनी तीन काठ्या रोवून क्रिकेट मांडले होते, आणि चेंडू पुलाखाली गेला की एक लहानगा कमानीत वाकून शिरत होता. ज्या वास्तूस बेट करण्यासाठी एवढी जमीन खणली गेली, तिच्याभोवती मी पायी प्रदक्षिणा घातली.

आत गेल्यावर प्रथम गारवा जाणवला. भिंती जाड आहेत आणि चारी दिशांना उघडणाऱ्या कमानींतून वारा अखंड फिरतो. पाण्यावरून येणारा वारा या दालनांतून वाहू लागला असता ज्येष्ठातील दुपारही सुसह्य झाली असेल. हा महाल केवळ विलासासाठी बांधला असे म्हणणारांनी येथे एक उन्हाळी दुपार काढून पाहावी. छताच्या गिलाव्यावर वेलबुट्टीचे रंग ठिकठिकाणी तगून आहेत. त्याखालच्या भिंतींवर, हात पोचेल तेथवर, अलीकडच्या प्रेमिकांनी खिळ्याने कोरलेली नावे आहेत. एका कमानीच्या पायथ्याशी चुन्याचा थर सुटून आला होता. तो जवळून पाहिला असता आत तीन निरनिराळे लेप स्पष्ट दिसले: तळाशी भरड, विटेच्या चुरीने तांबूस झालेला; त्यावर बारीक वाळूचा; आणि सर्वांत वर अंड्याच्या कवचाइतका पातळ, घोटून घोटून आरशासारखा केलेला पांढरा. सव्वाचारशे वर्षांनंतरही त्या पांढऱ्या थरावर बोट फिरवले तर ते अडखळत नाही. पाण्यात उभ्या राहणाऱ्या इमारतीचा चुना कसा करावा, हे त्या कारागिरांस पुरते ठाऊक होते.

भिंतीच्या जाडीतून वर गेलेल्या अंधाऱ्या जिन्याने छपरावर गेल्यावर तळ्याचा संपूर्ण आकार ध्यानात आला. एका बाजूस गावाची पांढरी घरे, दुसऱ्या बाजूस शेते आणि त्यापलीकडे टेकड्या. त्यांत च्यवन ऋषींच्या आश्रमासाठी प्रसिद्ध असलेला ढोसीचा डोंगरही आहे. येथे उभे राहिल्यावर शाह कुली खानाच्या माणसांनी जमिनीचा उतार कसा वाचला असेल याची कल्पना करता येते. त्या टेकड्यांवर पडलेला पाऊस कोठून तरी या खोलगट भागाकडे येत होता. ती वाट शोधावी म्हणून मी खाली उतरलो.

पुलाच्या तोंडाशी लिंबाखाली एक वृद्ध गृहस्थ शेळ्या राखीत बसले होते. डोक्यास पांढरे मुंडासे, हातात काठी. इकडे वडीलधाऱ्यास ताऊ म्हणतात. ‘‘ताऊजी, या तळ्यात पाणी येत होते ते कोठून?’’ असे मी विचारताच त्यांनी काठीने टेकड्यांची दिशा दाखवली आणि मग तीच काठी सावकाश फिरवीत मधल्या घरांवर, रस्त्यावर आणि एका नव्या वसाहतीच्या कुंपणावर आणून ठेवली. ‘‘तिथून येत असे,’’ ते म्हणाले, ‘‘आता तुम्हीच सांगा, कुठून यावे?’’ मग त्यांनी स्वतःच्या शेतातील विहिरीविषयी सांगितले. त्यांच्या वडिलांच्या वेळी ती चरसाने, म्हणजे मोटेने, चाले. मग इंजिन आले, मग बोअर, मग आणखी खोल बोअर. आता विहिरीच्या तोंडावर फरशी टाकली आहे, नातवंडे पडू नयेत म्हणून. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आपल्या गोष्टीचा अर्थ पाहुण्यास कळला की नाही एवढेच ते पाहत होते. उठताना त्यांनी मला त्यांच्या तांब्यातील पाणी प्यावयास दिले. ते टँकरचे होते.

महेंद्रगड जिल्ह्यातील भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या मानाने फार मोठा आहे, हे सरकारी अहवालही मान्य करतात. दोहन आणि कृष्णावती या राजस्थानातील टेकड्यांतून इकडे येणाऱ्या पावसाळी नद्या. त्यांच्या वरच्या अंगास बंधारे झाले, काठच्या विहिरींनी त्यांचे झरे ओढून घेतले, पात्रांतील वाळू उपसली गेली, आणि आज त्यांची पात्रे वर्षातील बहुतेक काळ कोरडी असतात. जवाहरलाल नेहरू कालव्याचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून या जिल्ह्यास पुरवावे लागते. ज्या भूमीत एके काळी पाणी स्वतः उतरून तळ्यात येत होते, तेथे ते दूरवरून उचलून आणण्याची पाळी आली आहे.

दिल्लीजवळच्या फरिदाबादेतील बडखल तळ्याची कथा याच जातीची, पण आपल्या हयातीत घडलेली आहे. टेकड्यांच्या कुशीत बांध घालून १९४७ मध्ये ते तयार झाले. पुढे दिल्लीकरांच्या सहलींचे, नौकाविहाराचे ते आवडते ठिकाण होते. त्याच्या पाणलोटात दगडाच्या खाणी वाढल्या, ओहोळ तुटले, भूजल खाली गेले आणि तळे आटले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये या टेकड्यांतील खाणकामास मनाई केली, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. आता तेही शुद्ध केलेल्या सांडपाण्याने भरण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. फिरोजशहाच्या वेळी पाण्याची वाट अडवणारांस निदान कोणी ओळखू शकत होते. खाण, रस्ता, वसाहत, बोअर अशा शेकडो कायदेशीर परवान्यांनी मिळून जेव्हा ती अडते, तेव्हा शिक्षा कोणास करावी, हे आजच्या कारभारापुढील कोडे आहे. परंतु कोडे अवघड आहे म्हणून वाट मोकळी करण्याचे काम टळत नाही.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. पुरातन वास्तूंचे संरक्षण करणारा आपला कायदा दगडास ओळखतो; छत्री, महाल, पूल, फार तर तळ्याच्या काठाची भिंत, यांस तो संरक्षित घोषित करतो आणि त्यांच्याभोवती ठरावीक मीटरांची मर्यादा आखतो. ज्या पाण्याविना जलमहाल हा केवळ महाल उरतो, त्या पाण्याची वाट या मर्यादेबाहेर, दुसऱ्याच खात्याच्या अखत्यारीत, तिसऱ्याच्या सात पिढ्यांच्या मालकीच्या जमिनीतून येते. आणि तिची नोंद कोठेच नसते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये देशातील पहिली जलाशयगणना प्रसिद्ध केली. तीत २४,२४,५४० जलाशय मोजले गेले. दिल्लीच्या वाट्यास त्यांतील ८९३ आले. गणना झाली हे उत्तमच झाले. पण प्रत्येक जलाशयापुढे त्याच्या पाणलोटाची सीमा, त्यात येणारे ओहोळ आणि त्यांच्यावरील वहिवाट यांची नोंद झाल्याखेरीज ती गणना अपुरी राहील. घराची नोंद करून घराच्या वाटेची नोंद न करणारा खरेदीदस्त कोणताही शहाणा गृहस्थ स्वीकारणार नाही.

हा प्रश्न उत्तरेचा आहे अशी समजूत महाराष्ट्रातील वाचकाने करून घेऊ नये. नारनौलचा जलमहाल उभा राहण्याच्या काही वर्षे आधी, मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास अहमदनगरनजीकचा फराहबाग पूर्ण झाला. तोही विस्तीर्ण हौदाच्या मध्यभागी उभा असलेला महाल. त्याचाही हौद आज कोरडा आहे. निजामशाहीने नगरास खापरी नळांनी दूरदूरच्या गावांतून पाणी खेळवले होते आणि त्याच विद्येवर फराहबागाचे बेट उभे होते. आग्र्याच्या सुभ्यात आणि दक्षिणेतील निजामशाहीत एकाच दशकाच्या आसपास दोन सरदार-सुलतान एकच स्वप्न पाहत होते, आणि दोन्ही स्वप्ने एकाच रीतीने विरली, ही गोष्ट योगायोगाची मुळीच नाही. दोन्हीकडे महाल जपला गेला आणि नळाची, ओहोळाची निगा सुटली.

या दिवाळीच्या सुटीत नगरला, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, जाणे झाले तर फराहबाग अवश्य पाहावा. पण तेवढ्यावर परतू नये. हौदात पाणी ज्या बाजूने येत असे ती बाजू आसपासच्या जुन्या माणसांस विचारून घ्यावी, शक्य तेवढी ती वाट पायी चालावी आणि ती ज्या गटनंबरांतून जाते ते लिहून आणावेत. मग तलाठ्याच्या दप्तरात गावनकाशा काढवून त्या गटांवर पाण्याच्या वाटेची नोंद आहे की नाही हे पाहावे, आणि नसल्यास ती व्हावी असा लेखी अर्ज ग्रामसभेमार्फत तहसीलदाराकडे द्यावा. अर्जास शुल्क लागले तरी नाममात्र लागेल. आपल्या स्वतःच्या गावच्या तळ्यासाठीही हेच करता येईल, आणि आधी तेथूनच आरंभ करावा, अशी माझी वाचकांस विनंती आहे.